एसएनसीयूमध्ये नवी सिस्टर रुजू झाली: पहिल्या नाइट ड्युटीआधी काय शिकवायचं आणि कोणत्या क्रमानं

ऑर्थो वॉर्डातून बदलून आलेली सिस्टर सोमवारी एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) रुजू होते. मंगळवारी तिला वॉर्मरची (बाळाला वरून ऊब देणाऱ्या यंत्राची) बटणं दाखवतात, बुधवारी एक बाळ 'बघायला' देतात आणि गुरुवारी माणसं कमी म्हणून तिला नाइट लागते. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "तिचं ट्रेनिंग झालंय की."

इथं दोन वेगवेगळ्या प्रशिक्षणांची गल्लत होते. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं प्रशिक्षण दोन दिवसांचं असतं आणि ते मुख्यतः प्रसूतिगृहासाठी आहे: जन्मल्याबरोबर बाळाला कोरडं करणं, ऊब, श्वास, लवकर स्तनपान. आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचं एफबीएनसी (रुग्णालयातली नवजात बाळांची काळजी) प्रशिक्षण वेगळं. त्यात चार दिवस वर्गात आणि त्यानंतर चौदा दिवस चालू युनिटमध्ये प्रत्यक्ष निरीक्षण असतं. त्याची बॅच लागेपर्यंत नव्या माणसाला घडवायचं काम युनिटलाच करावं लागतं. हा लेख त्या कामासाठी आहे. इन्चार्ज सिस्टर, एसएनसीयूचे वैद्यकीय अधिकारी आणि लहान खासगी रुग्णालयात चार-सहा वॉर्मर चालवणारे बालरोगतज्ज्ञ यांच्यासाठी. औषधांचे डोस आणि उपचार तुमच्या युनिटच्या लेखी प्रोटोकॉलप्रमाणेच चालतील.

नेहमीची चूक क्रमाची. पहिल्याच दिवशी सीपॅप (नाकावाटे दाबानं हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) आणि सिरिंज पंप दाखवला जातो, हात धुणं मात्र 'येतंच' म्हणून सोडून दिलं जातं. क्रम असा ठेवा: हात, ऊब, श्वास, दूध आणि औषधांचं गणित, मग ऑक्सिजन आणि यंत्रं, मग आई, शेवटी ओव्हर (पाळी बदलताना बाळांची माहिती सोपवणं) आणि आणीबाणी. एक टप्पा तपासून झाल्याशिवाय पुढचा सुरू करू नका.

## तयारी

ड्युटी लिस्ट. पहिले दोन आठवडे नव्या सिस्टरचं (किंवा ब्रदरचं) नाव जादा म्हणून धरा, बाळांच्या वाटणीत मोजू नका. मेट्रन मॅडम दोन आठवडे देत नसतील तर निदान पहिला आठवडा मागून घ्या, आणि तो सकाळपाळीचाच मागा. राउंड, नव्या भरत्या, आयांचं शिकणं, डिस्चार्ज हे सगळं सकाळी घडतं. त्यानंतर दुपारपाळी, मग सीनियरसोबत नाइट.

शिकवणारी एकच. तिघींनी शिकवलं तर तीन पद्धती शिकून होतात. एक सीनियर दर वेळी दूध देण्याआधी पोटात आधीचं दूध उरलंय का ते नळीतून ओढून बघते, दुसरी बघत नाही, तिसरी म्हणते पोट फुगलं तरच बघायचं. नव्या माणसानं कुणाचं ऐकायचं? असे मुद्दे डॉक्टरांसोबत बसून आधी मिटवा, एका पानावर लिहा आणि ते पान नर्सिंग स्टेशनच्या काचेखाली ठेवा.

सामान. श्वास देण्याच्या सरावासाठी छाती वर येणारी बाहुली लागतेच. साध्या बाहुलीवर तो सराव निरुपयोगी आहे, कारण हवा जाते की नाही ते कळत नाही. उरलेल्या सरावासाठी कापडी बाहुली चालते. तिच्यात वाळू भरून तिचं वजन दीड किलो करा, मग उचलणं, गुंडाळणं, कांगारूत (आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून) बांधणं खऱ्यासारखं होतं. याशिवाय ॲम्ब्यू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), शून्य आणि एक नंबरचे मास्क, डिजिटल थर्मामीटर, मुदत संपलेल्या फीडिंग ट्यूब आणि सिरिंजा, सेकंदकाटा असलेलं घड्याळ.

आधी बघा, मग शिकवा. काहीही सांगण्यापूर्वी तिला बाहुलीला बॅग-मास्कनं श्वास द्यायला सांगा. टोकू नका. काय चुकलं ते लिहून ठेवा. हा कागद तपासणीच्या वेळी पुन्हा काढायचा आहे.

> तपासा: सरावाच्या आधी बॅग चालते का? मास्क तळहातावर घट्ट दाबा आणि बॅग दाबा. हाताला दाब जाणवला पाहिजे आणि जास्त दाबल्यावर झडप उघडून फुस्स आवाज आला पाहिजे. सोडल्यावर बॅग लगेच फुगली पाहिजे. वॉर्मरखालच्या बॅगेचीही हीच परीक्षा दर पाळीला.

## टप्पा १: हात

हे थोडक्यात, पण पहिल्याच दिवशी. युनिटमध्ये शिरताना घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढून कोपरापर्यंत दोन मिनिटं साबणपाण्यानं, सहाही पायऱ्यांनी. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना हँडरब, पूर्ण सुकेपर्यंत चोळून. राहून जाणाऱ्या जागा ठरलेल्या: अंगठा, नखांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या.

हात धुवायला येतात का, हे बेसिनपाशी उभं राहून तपासू नका. कुणी बघत असलं की सगळेच छान धुतात. सकाळच्या गर्दीत, दूर उभं राहून पाहा. मोबाइलला हात लावल्यानंतर ती काय करते? वॉर्मरचा कठडा खाली केल्यानंतर? ग्लोव्ह घालून एका बाळाचं रक्त घेतलं आणि त्याच ग्लोव्हनं दुसऱ्याचा मॉनिटर लावला, हे तर जुन्या सिस्टरांकडूनही होतं.

## टप्पा २: ऊब

इथं घाई करू नका. अपुऱ्या दिवसांचं बाळ गार पडलं की साखर उतरते, श्वास अडखळतो, दूध पचत नाही, आणि आपण त्या प्रत्येक गोष्टीचा वेगळा उपचार करत बसतो.

आधी आकडे पाठ हवेत. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस म्हणजे ठीक. ३६.० ते ३६.४ म्हणजे बाळ थंडीशी झगडतंय. ३२ ते ३५.९ मध्यम, ३२ च्या खाली तीव्र. त्यानंतर हात शिकवा. मनगट वळवून हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग पावलाला लावायची. दोन्ही उबदार तर बरं. पोट उबदार पण पाऊल गार, तर बाळ आपली ऊब खर्च करतंय. दोन्ही गार, तर धावायचं. नव्या सिस्टरला रोज पाच बाळांना हात लावून अंदाज सांगायला लावा आणि मग थर्मामीटरनं पडताळा. आठवड्याभरात अंदाज जुळायला लागतो.

आता वॉर्मर. स्किन मोडवर (बाळाच्या त्वचेच्या तापमानाप्रमाणे हीटर आपोआप कमी-जास्त होतो) ३६.५ लावून प्रोब (तापमान मोजणारी तार) बाळाला चिकटवायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रोब सुटला तर काय होतं, हे मात्र सांगता येत नाही. म्हणून हे करून दाखवा: बाहुली वॉर्मरवर ठेवा, प्रोब पोटावरून काढून गादीवर टाका आणि हीटरचे दिवे बघायला सांगा. प्रोब आता खोलीची हवा मोजतोय, यंत्राला वाटतं बाळ गार आहे, आणि हीटर पूर्ण ताकदीनं तापत राहतो. खाली खरं बाळ असतं तर भाजलं असतं. उलट प्रोब बाळाच्या अंगाखाली दबला, तर तो गरम वाचतो, हीटर बंद पडतो आणि बाळ गारठतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की प्रोबची जागा वेगळी सांगावी लागत नाही. ती जागा अशी: बाळ उताणं असेल तर पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे, हाडावर नाही, पालथं असेल तर पाठीच्या बाजूला.

> सावध: वॉर्मरवर बाळाला दुपट्यात गुंडाळून ठेवलं तर वरची ऊब बाळापर्यंत पोचत नाही. वॉर्मरखाली डोक्याला टोपी, पायांत मोजे आणि लंगोट एवढंच. नव्या सिस्टरचा हात सवयीनं दुपट्याकडे जातो, कारण इतर वॉर्डांत तेच बरोबर असतं.

वजन करताना, एक्स-रे काढताना, कॅन्युला लावताना बाळं गार पडतात. वजनकाट्यावर कोमट कापड अंथरून काटा शून्य करायचा, मगच बाळ ठेवायचं. कॅन्युला लावणारे डॉक्टर वॉर्मरवर वाकून उभे राहिले की बाळाची ऊब त्यांच्या डोक्यात जाते. "सर, जरा बाजूनं" असं म्हणायची हिंमतही याच टप्प्यात द्या.

## टप्पा ३: श्वास

जन्मल्यावर रडत नसलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात झाली पाहिजे. सराव या क्रमानं:

1. मान. दुमडलेला टॉवेल खांद्याखाली घालून मान किंचित मागे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं डोकं मागून मोठं असतं, त्यामुळं मान पुढं वाकते आणि वाट बंद होते.
2. मास्क. हनुवटीचं टोक, तोंड आणि नाक झाकलं जावं, डोळे नाहीत. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, बाकीची तीन बोटं जबड्याच्या हाडावर. हनुवटीखालच्या मऊ भागावर बोटं रुतली तर जीभ मागे ढकलली जाते.
3. लय. तोंडानं "दाबा, दोन, तीन" म्हणत. मिनिटाला ४० ते ६० श्वास. घाबरलेला माणूस दुप्पट वेगानं दाबतो.
4. नजर छातीवर. बॅगेकडे किंवा मॉनिटरकडे नाही.

छाती उठत नसेल तर काय, यावर सरावाचा अर्धा वेळ द्या, कारण खऱ्या वेळी माणसं इथंच अडतात आणि फक्त जोरात दाबत राहतात. मास्क नीट बसवा, मान पुन्हा ठेवा. तरी नाही तर आधी तोंड आणि मग नाक साफ करा, बाळाचं तोंड किंचित उघडं ठेवून मास्क लावा, मग दाब वाढवा. शिकवताना मुद्दाम बाहुलीची मान वाकवून ठेवा, मास्क चुकीच्या नंबरचा द्या आणि दोष शोधून काढायला लावा.

तीस सेकंद छाती नीट उठत असूनही ठोके ६० च्या खाली राहिले, तर छाती दाबणं सुरू: तीन दाब, एक श्वास. ठोके सहा सेकंद मोजून त्याला दहानं गुणायचं. हे दोन माणसांचं काम आहे, म्हणून हाक मारायचाही सराव करून घ्या, मोठ्या आवाजात आणि नाव घेऊन.

एसएनसीयूमध्ये मात्र जास्त वेळा वेगळंच घडतं. तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, शांत झोपलेलं बाळ श्वास घ्यायचं थांबतं. मॉनिटर वाजतो आणि नव्या सिस्टरचा हात आधी अलार्म बंद करायला जातो. हात आधी बाळाकडे गेला पाहिजे: मान सरळ, पाठ किंवा तळवा हलकेच चोळणं, तेवढ्यानं श्वास आला नाही तर बॅग. आणि लगेच नोंद: किती वाजता, किती वेळ, रंग कसा होता, काय केल्यावर परत आलं.

> तपासा: तीस सेकंदांत २० ते ३० श्वास, प्रत्येकात छाती उठलेली. सलग दोनदा, न टोकता. पायाला धरून उलटं करणं आणि पाठीवर चापट्या मारणं दिसलं तर टप्पा पुन्हा पहिल्यापासून.

## टप्पा ४: दूध, सलाइन आणि दशांश चिन्ह

बाळाला कसं पाजायचं हे ढोबळमानानं ते गर्भाच्या किती आठवड्यांचं आहे त्यावर ठरतं. ३४ आठवड्यांच्या पुढं अंगावर, ३२ ते ३४ मध्ये वाटी-चमच्यानं, पालडाईनं किंवा आपल्या बोंडल्यानं, त्याखाली नळीनं. नळीचं माप नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, आणि तिथून छातीच्या हाडाचं टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत. दूध सिरिंजच्या दट्ट्यानं ढकलायचं नाही. दट्ट्या काढून सिरिंज उंच धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं. वेळ लागतो, आणि वेळ नाही म्हणूनच ढकललं जातं.

मग गणित. हे कागदावर रोज करून घ्या. १४०० ग्रॅमचं बाळ, पहिला दिवस, किलोला ८० मिली: १.४ गुणिले ८० म्हणजे चोवीस तासांत ११२ मिली. सगळं सलाइननं असेल तर तासाला ४.७. सगळं दुधानं, दर दोन तासांनी, तर एका वेळेला साधारण ९ मिली. काही दूध आणि काही सलाइन असेल तर दूध वजा करायला विसरतात आणि बाळाला दोन्ही पूर्ण जातं. म्हणून उदाहरणं मिश्रच द्या.

औषधात सगळ्यात धोकादायक चूक दहापटीची. डॉक्टरांनी जेंटामायसिन ७ मिलिग्रॅम लिहिलंय. ८० मिलिग्रॅमच्या २ मिली अँप्युलमध्ये मिलीला ४० मिलिग्रॅम असतं, म्हणजे बाळाला हवं ०.१७५ मिली. हे एक मिलीच्या सिरिंजमध्येही अचूक भरता येत नाही, आणि दशांश चिन्ह सरकलं की १.७५ मिली जातं. म्हणून पातळ करायचं: अर्धा मिली औषध, दीड मिली सलाइन, आता मिलीला १० मिलिग्रॅम, आणि द्यायचं ०.७ मिली. बाजारात मिलीला १० मिलिग्रॅमची लहान मुलांची अँप्युलही मिळते. ती आधीच पातळ आहे हे न बघता पुन्हा पातळ केली तर डोस चौथाईवर येतो. दोन्ही अँप्युल समोर ठेवा आणि लेबल मोठ्यानं वाचायला लावा.

> सावध: तोंडी ऑर्डरवर इंजेक्शन नाही. गणित दोघींनी वेगवेगळं करायचं आणि उत्तर जुळलं तरच भरायचं. नाइटला दुसरी सिस्टर नसेल तर डॉक्टर ड्युटी रूममधून उठून येतील, हे त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा.

## टप्पा ५: ऑक्सिजन

ऑक्सिजन हे औषध म्हणून शिकवा. कमी पडला तर धोका आहेच, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्त गेला तर डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम होतो आणि अंधत्वही येऊ शकतं. ऑक्सिजनवरच्या अशा बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९० ते ९५ मध्ये ठेवायचं आणि अलार्मच्या दोन्ही मर्यादा त्याप्रमाणे लावायच्या. मोठ्यांच्या वॉर्डातून आलेली सिस्टर ९९ दिसलं की निश्चिंत होते. तिला ९९ दिसल्यावर ऑक्सिजन कमी करायला, डॉक्टरांना सांगायला शिकवायचं आहे. बाळ साध्या हवेवर असेल तर मात्र ९९ चालतं.

गर्भाच्या ३४ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं किंवा २००० ग्रॅमच्या खालचं बाळ भरती झालं की डोळे तपासण्याची तारीख त्याच दिवशी केसपेपरवर लिहायची: जन्मापासून चार आठवड्यांच्या आत; २८ आठवड्यांच्या आधीचं किंवा १२०० ग्रॅमच्या खालचं असेल तर दोन ते तीन आठवड्यांत. डिस्चार्जच्या घाईत ही तारीख हमखास राहते, आणि बाळ एकदा गावी गेलं की ते परत येणं अवघड.

सीपॅप, पंप, फोटोथेरपी (काविळीसाठी प्रकाशाचा उपचार) यांचं शिक्षण इथून पुढं. प्रत्येक यंत्राबाबत फक्त तीन गोष्टी आधी: चालू कसं करायचं, अलार्म वाजला तर बाळाचं काय बघायचं, वीज गेली तर काय.

## टप्पा ६: आईला शिकवायला शिकवणं

नव्या सिस्टरनं आईला कांगारूत बाळ बांधून द्यायचं आणि आपण मागे उभं राहायचं. बाळ उभं, दोन्ही स्तनांच्या मध्ये, छातीला छाती, मान एका बाजूला आणि किंचित मागे, पाय बेडकासारखे. एका वेळी निदान तासभर. दिवसाला आठ तासांपासून जितकं जमेल तितकं, चोवीस तासही. आई दमली असेल तर वडील, आजी, मावशी कुणीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींप्रमाणे तर जन्मल्याबरोबरच सुरुवात करायची आहे. 'वजन वाढू दे, मग' हा जुना रिवाज नव्या माणसाला शिकवू नका.

कांगारूमधल्या बाळाकडे दुर्लक्ष होतं, हीही अडचण आहे. आईकडे दिलं म्हणजे आपलं काम कमी झालं असं नाही. दर तासाला जाऊन मान, रंग, श्वास बघायचा.

बोलण्याचा सराव बाहुलीइतकाच लागतो. एकीनं आजी व्हायचं: "बाई, लेकराला मध चाटवू का थोडा? एवढं बारीक हाय, अंगात जोर नको का?" बहुतेक नव्या सिस्टर इथं ओरडतात किंवा पुस्तकी उत्तर देतात. "आजी, जोर आईच्या दुधातच आहे. तुम्ही एक करा, सुनेला दर दोन-तीन तासांनी दूध काढायला बसवा, आणि वाटी उकळून तुम्हीच आणून द्या" असं म्हटलं की आजीला काम मिळतं आणि मधाची बाटली पिशवीत राहते.

## टप्पा ७: ओव्हर, रेफर आणि आग

ओव्हर टेबलापाशी घ्यायचा नाही. प्रत्येक बाळापाशी उभं राहून, हात लावून. वजन कालच्यापेक्षा किती, किती वाजता शू केली, पंपावरचा आकडा कागदाशी जुळतो का, कॅन्युलाची जागा सुजली आहे का. ओव्हर घेणारीनं शेवटी बाळाची माहिती आपल्या शब्दांत परत सांगायची.

मोठ्या केंद्रात पाठवायचं असेल तर आधी स्थिर, मग गाडी. तापमान, साखर, श्वास बघितल्याशिवाय १०८ मध्ये चढवू नका. तिकडं फोन करून बेड पक्का करा. श्वास नीट घेणारं बाळ आईच्या छातीशी कांगारूत नेणं, हातात दुपट्यात धरून नेण्यापेक्षा कितीतरी चांगलं. आई मागच्या जीपमध्ये आणि बाळ पुढं, असं टाळता येईल तितकं टाळा.

आगीचा सराव बहुतेक युनिटांच्या यादीत नसतोच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं दगावली. नव्या सिस्टरला पहिल्या आठवड्यात तिच्याच पायांनी चालवून दाखवा: ऑक्सिजनचा मुख्य वॉल्व्ह कुठं, मेन स्विच कुठं, मागचं दार उघडतं का आणि त्याची किल्ली रात्री कुणाकडे असते. अग्निशामक भिंतीवरून काढून हातात द्या, पिन कुठली ते बोट लावू द्या. एका माणसाला दोन बाळं कशी नेता येतील, हे वाळूच्या बाहुल्या चादरीत बांधून करून बघा. नाइटला किती माणसं आणि किती बाळं, हा हिशेब मांडला की सराव का लागतो ते कुणी विचारत नाही.

## स्वतंत्र ड्युटीआधीची तपासणी

लेखी परीक्षा घ्या, पण तिच्यावर ड्युटी ठरवू नका. पुढच्या गोष्टी करून दाखवल्या आणि शिकवणारीनं तारीख घालून सही केली, तरच नाइट:

- बॅग-मास्क: छाती न उठण्याचा दोष शोधून सुधारणं
- सुटलेल्या प्रोबचं वॉर्मर न सांगता ओळखणं
- नळी घालून जागा तपासणं, दूध उतरू देणं
- दूध आणि सलाइन मिश्र असलेली तीन गणितं, एक पातळ करायचं औषध
- एका खऱ्या आईला कांगारू शिकवणं
- तीन बाळांचा ओव्हर घेणं आणि देणं
- गेल्या चोवीस तासांतल्या एका बाळाच्या नोंदीतली चूक शोधणं

सुरुवातीला ठेवलेला तो कागद आता काढा आणि तेच बॅग-मास्क पुन्हा करायला लावा. जुन्या चुका तशाच असतील तर सही थांबवा, माणसं कितीही कमी असोत.

श्वास देण्याचं कौशल्य काही महिन्यांत उतरतं, आणि हे सीनियरांनाही लागू आहे. वर्षातून एकदा दिवसभराचं शिबिर घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, ओव्हरनंतर पाच मिनिटं, एकच कौशल्य. एका महिन्यानं आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा सही. त्यासाठी बाहुली स्टोअरच्या कपाटात कुलपात ठेवू नका; ती नर्सिंग स्टेशनवर, बॅग-मास्कसकट, हाताशी असावी. दर सहा महिन्यांनी रोटेशनची ऑर्डर निघते तेव्हा सह्यांची ही यादी मेट्रन मॅडमच्या टेबलावर न्या आणि या युनिटमध्ये तयार झालेल्यांपैकी निदान निम्म्या जणी इथंच राहाव्यात असं लेखी मागा.